चंद्र तोच, सण वेगळा!

दोस्तांनो, वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक हातात पडलं की तुम्ही सगळ्यात आधी काय बघता? खरं सांगा! गणिताच्या पेपरआधी सुट्टी आहे का, हेच ना? मार्च-एप्रिलमध्ये अशी एक सुट्टी हमखास येते. कॅलेंडरवर तांबड्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘गुड फ्रायडे’. शुक्रवारची सुट्टी, पाठोपाठ शनिवार-रविवार. मग काय, साताऱ्याची मंडळी सज्जनगडाचा बेत ठरवतात, सांगलीची मंडळी मामाच्या गावाला पळतात.

पण तुमच्या वर्गात, निदान तुमच्या शाळेत, एखादा मित्र किंवा मैत्रीण अशी असेल की जिच्या घरी त्या दिवशी रेडिओसुद्धा लागत नाही. आई-बाबा, आजी-आजोबा, सगळे दुपारच्या उन्हात चर्चमध्ये जाऊन तास-न्-तास बसतात. आणि शनिवारी शाळा असली तर वर्गात पाऊल ठेवताच कुणीतरी मोठ्या प्रेमानं हात पुढे करून म्हणतं, “हॅपी गुड फ्रायडे!” ते बिचारं कसंनुसं हसतं. काय बोलणार? समोरच्याचा हेतू चांगलाच असतो. पण येशू ख्रिस्ताला क्रुसावर खिळलं, त्या मरणाच्या आठवणीचा हा दिवस! त्याच्या शुभेच्छा कशा घ्यायच्या?

साताऱ्यात काय, सांगलीत काय, ख्रिस्ती घरं तशी मोजकीच. दिवाळीचा फराळ आणि ईदचा शिरखुर्मा आपल्याला ठाऊक असतो, नाताळचा केकही. ईस्टर मात्र राहूनच जातो. कारण तो नेहमी रविवारी येतो आणि रविवारी शाळेला सुट्टीच असते! तर आज या राहून गेलेल्या सणाची ओळख करून घेऊ या.

तारीख ठरवतो चांदोमामा

नाताळ दर वर्षी २५ डिसेंबरला. मग ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये असा का पळतो? कारण त्याची तारीख चंद्रावर ठरते, आपल्या सणांसारखीच.

नियम असा आहे : २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमा रविवारीच आली, तर त्याच्या पुढचा रविवार धरायचा. ख्रिस्ती धर्मगुरूंची एक मोठी परिषद इसवी सन ३२५ मध्ये निकिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, भरली होती. सगळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा, असं तिथे ठरलं. पण चंद्रच का? तर येशूला क्रुसावर दिलं ते ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण येतो पौर्णिमेला. या नियमामुळे ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही.

आता जुनी कॅलेंडरं काढा आणि ताळा करून बघा :

२०२३ : हनुमान जयंती ६ एप्रिल, ईस्टर ९ एप्रिल.
२०२४ : फाल्गुनी पौर्णिमा २५ मार्च, ईस्टर ३१ मार्च.
२०२५ : हनुमान जयंती १२ एप्रिल, ईस्टर २० एप्रिल.
२०२६ : हनुमान जयंती २ एप्रिल, ईस्टर ५ एप्रिल.

कोण हुशार आहे बघू! २०२५ मध्ये १२ एप्रिलला शनिवार होता. मग दुसऱ्याच दिवशी, १३ तारखेच्या रविवारी, ईस्टर का आला नाही? उत्तर : चर्चच्या गणितानं त्या वर्षीची पौर्णिमा १३ एप्रिलला, म्हणजे रविवारीच पडत होती. म्हणून सण पुढच्या रविवारी गेला.

गंमत लक्षात आली का? बहुतेक वर्षी ईस्टरचा चंद्र म्हणजे आपल्या होळीचा नाही तर हनुमान जयंतीचा चंद्र! याच चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळला जातो आणि सातारा-सांगलीची माणसं खांद्यावर सासनकाठ्या घेऊन तिथे पोचतात. याच पंधरवड्यात माण तालुक्यातल्या शिखर शिंगणापूरला कावडी चढतात. वर चंद्र एकच. खाली कुणी कावड नेतं, कुणी क्रूस.

चाळीस दिवसांची तयारी

ईस्टरचा आनंद एका दिवसाचा असला तरी त्याची तयारी चाळीस दिवसांची असते. तिची सुरुवात होते राखेच्या बुधवारी. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळाला राख लावतात. ही राख आदल्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे, याची ती आठवण.

तिथून ईस्टरपर्यंत मोजलेत तर ४६ दिवस भरतील. मग चाळीस कसे? मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत! या दिवसांत कुणी मटण-मासे सोडतं, कुणी चहा सोडतं. मुलं गोळ्या-चॉकलेट सोडतात. वाचलेले पैसे गरजू माणसाला द्यायचे, अशी पद्धत आहे. आपल्याकडे चातुर्मासात आजी एखादा पदार्थ सोडते ना, तसंच.

शेवटचा आठवडा सगळ्यात महत्त्वाचा. त्याची सुरुवात होते झावळ्यांच्या रविवारी. येशू गाढवावर बसून यरुशलेम शहरात आला, तेव्हा लोकांनी वाटेवर खजुराच्या फांद्या पसरून त्याचं स्वागत केलं. म्हणून त्या दिवशी लहानथोर हातात झावळ्या घेऊन गात गात चर्चला जातात. आपल्याकडे नारळाची झावळी मिळते. पोलंडसारख्या थंड देशात ती कुठून आणणार? तिथे लोक वाळुंजाच्या कोवळ्या फांद्या धरतात. झावळीच्या पातीचा इवलासा क्रूस विणायची मुलांमध्ये चढाओढ लागते.

गुरुवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. त्या रात्री येशूनं स्वतः आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. गुरूनं शिष्यांचे पाय धुवायचे, आहे ना उलटं? म्हणूनच कॅथलिक चर्चमध्ये या दिवशी धर्मगुरू गुडघे टेकून साध्यासुध्या माणसांचे पाय धुतात. पूर्वी हा मान फक्त पुरुषांना मिळत असे. २०१६ पासून स्त्रियांनाही तो अधिकृतपणे मिळू लागला. केरळमधून आलेल्या घरांमध्ये या दिवशी यीस्ट न घालता केलेली ‘पेसाहा अप्पम’ ही भाकरी असते. घरातली वडीलधारी व्यक्ती ती मोडून सगळ्यांना वाटते.

घंटा गप्प होतात

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडते. गुरुवारच्या उपासनेनंतर कॅथलिक चर्चच्या घंटा बंद होतात! शुक्रवारी सबंध दिवस घंटा नाही. वेदीवरचं कापड, फुलं, मेणबत्त्या सगळं काढून ठेवतात. घंटेऐवजी गोव्यासारख्या ठिकाणी लाकडावर लाकूड आपटून ‘खट् खट् खट्’ असा आवाज करतात. फ्रान्समध्ये मुलांना सांगतात, “घंटा रोमला गेल्यात, रविवारी येताना तुमच्यासाठी खाऊ आणतील!”

शुक्रवारी प्रोटेस्टंट चर्चमध्ये बहुधा दुपारी बारा ते तीन अशी दीर्घ उपासना होते. क्रुसावरून येशूनं काढलेले सात उद्गार एकेक करून वाचले जातात आणि त्यांवर प्रवचनं होतात. पहिला उद्गार स्वतःला मारणाऱ्यांना क्षमा मागणारा आहे. कॅथलिक मंडळी ‘क्रुसाची वाट’ चालतात. येशूला शिक्षा सुनावली तिथपासून त्याला कबरीत ठेवलं तिथपर्यंतचे चौदा प्रसंग, चौदा थांबे. प्रत्येक थांब्यावर गुडघे टेकायचे, प्रार्थना करायची आणि पुढे जायचं.

ही मिरवणूक सगळ्यात भव्य बघायची तर मिरजेहून लोंढ्यामार्गे गोव्याला जाणाऱ्या गाडीत बसावं लागेल! गोव्यात चर्चमध्ये क्रुसावरची येशूची मूर्ती हळुवारपणे खाली उतरवतात, पालखीसारख्या शववाहिकेत ठेवतात आणि खांद्यावरून गावातून नेतात. मागे हजारो माणसं, पण बोलण्याचा आवाज नाही. फक्त व्हायोलिन, क्लॅरिनेट यांच्या साथीनं गायली जाणारी ‘मोतेत’ नावाची करुण गीतं. गोवा वेल्हा या गावी तर उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी तीसएक संतांच्या मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते. शेकडो वर्षांची ही परंपरा आहे. तिथे जत्रा भरते, खाजं आणि हातपंखे विकायला येतात. लोणंद-फलटणला माउलींची पालखी पाहिलेल्या मुलांना हे दृश्य अगदी ओळखीचं वाटेल.

वसईतही पवित्र आठवडा असाच मनापासून पाळतात. तिथल्या कॅथलिक लोकांची घरची बोली मराठीच, सामवेदी आणि वाडवळी. २०२० साली धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचेच. त्यांनी आपल्याला सोप्या मराठीत ‘सुबोध बायबल’ दिलं. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

ओवी, अभंग आणि सातारा

काही जणांना वाटतं, ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी. छे! येशूची गोष्ट मराठी ओवीत चारशे वर्षांपूर्वीच आली. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानं इंग्रज. गोव्यात आले आणि इथल्या भाषेच्या प्रेमात पडले. त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं! ते १६१६ साली गोव्यातल्या रायतूर इथे छापलं गेलं. म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या चौदा वर्षं आधी. आपण देवळात पोथी ऐकतो तशी माणसं ते चर्चमध्ये बसून ऐकत.

आणि साताऱ्याचं काय? साताऱ्याचा या गोष्टीशी अगदी जवळचा संबंध आहे. शिकाऱ्यानं जखमी केलेल्या पक्षिणीची कविता तुमच्या आई-बाबांनी, आजी-आजोबांनी शाळेत पाठ केली असेल. ‘फुलामुलांचे कवी’ रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची ती कविता. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, पण ज्ञानोबा-तुकोबांची गोडी काही सुटली नाही. ते म्हणत, ख्रिस्ताची भक्ती करायला परक्या देशाचा वेश कशाला? आपला अभंग आहे, भजन आहे, टाळ आहे. आयुष्याच्या शेवटच्या पर्वात, १९१७ साली, त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सगळ्यांना तिथे भाऊ-बहीण म्हणून यायची मोकळीक होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या पत्नीनं, ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्या बाईंना लग्नानंतर अक्षरओळख झाली, त्यांनी!

आजही मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ नावाचं गीतांचं पुस्तक हातात असतं. त्यात टिळकांची कितीतरी गीतं आहेत. पेटी आणि तबला सुरू झाला की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत भजनच चाललंय. आणि चाललेलं असतंच!

सांगलीकरांना तर मिरजेचं मिशन हॉस्पिटल सांगायलाच नको. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी ते १८९४ साली उभारलं आणि मिरजेचं नाव औषधोपचारासाठी दूरदूर पोचलं. पाचगणीला सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ पासून आहे. अशी रुग्णालयं, शाळा यांच्या आसपास या भागातली ख्रिस्ती वस्ती वाढली. कुणी पिढ्यान्‌पिढ्या इथलंच मराठी घर, कुणी गोव्याहून, केरळहून नोकरीसाठी आलेलं. उपासनेची भाषा वेगळी असेल, पण शुक्रवारची शांतता सगळ्यांची एकच.

काळोखात एक ठिणगी

शनिवारी रात्री कॅथलिक चर्चमध्ये सगळे दिवे मालवतात. मिट्ट काळोख! लहान मुलं आईचा पदर घट्ट धरतात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. ती मेणबत्ती घेऊन धर्मगुरू काळोखात पाऊल टाकतात. तिच्यावरून एकानं आपली मेणबत्ती लावायची, त्यानं शेजाऱ्याची, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याची. बघता बघता सगळं चर्च उजळून निघतं. आणि गुरुवारपासून गप्प असलेल्या घंटा एकदम घणघणू लागतात!

बायबलमध्ये सांगितलंय की रविवारी भल्या पहाटे काही स्त्रिया येशूच्या कबरीपाशी गेल्या, तर दगड बाजूला सरकलेला आणि कबर रिकामी. येशू मरणातून उठला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे आणि त्यांच्या धर्माचा तोच पाया आहे. म्हणून अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या रविवारी उजाडायच्या आत उपासनेला जमतात. अंगावर नवे कपडे, डोळ्यांवर झोप आणि पूर्वेला तांबडं फुटत असताना एकमेकांना म्हणायचं, “ख्रिस्त उठला आहे!” समोरच्यानं उत्तर द्यायचं, “खरोखर उठला आहे!”

आता कळलं, शुक्रवारी शुभेच्छा का द्यायच्या नाहीत? दोन दिवस थांबायचं. रविवारी मात्र खुशाल गळ्यात पडून म्हणा, “हॅपी ईस्टर!”

आणि आता खाऊ!

इतका वेळ वाट बघत होता ना? या एकदाचे खाऊकडे!

ईस्टरला अंडं कुठून आलं? जुन्या काळी युरोपात उपवासाच्या चाळीस दिवसांत अंडी खायची बंदी होती. पण कोंबड्यांना कोण सांगणार? त्या आपल्या अंडी घालतच राहायच्या! मग ईस्टरला घरात अंड्यांचा ढीग. ती उकडायची, रंगवायची, मुलांना वाटायची. शिवाय कवच फोडून पिल्लू बाहेर येतं, तसा येशू कबरीतून बाहेर आला, असाही अर्थ लोकांनी लावला. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं १२९० साली ४५० अंडी रंगवून आणि सोनेरी वर्खानं मढवून वाटल्याची नोंद त्याच्या हिशेबात आहे. चॉकलेटचं अंडं बरंच अलीकडचं. इंग्लंडमध्ये ‘फ्राय’ कंपनीनं ते १८७३ साली बाजारात आणलं. अंडी लपवून ठेवणारा ससा आला जर्मनीतून.

आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला, पुण्यात कॅम्पात आणि गोव्यात मार्झिपानची अंडी मिळतात. मूळ मार्झिपान बदामाचं, पण आपल्या लोकांनी त्यात काजू घातला! काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि गुलाबपाणी यांचा गोळा साच्यात दाबून अंड्याच्या दोन वाट्या करतात. आत छोट्या गोळ्या ठेवून वाट्या चिकटवतात आणि वर साखरेची फुलं काढतात. पाडव्याच्या साखरेच्या गाठीही साच्यातूनच निघतात की नाही? दोन्ही खाऊ एकाच मोसमातले!

शुक्रवारचा खास पदार्थ म्हणजे ‘हॉट क्रॉस बन’. मसाल्याच्या वासाचा, बेदाणे घातलेला, वर मैद्याच्या पेस्टनं क्रूस काढलेला मऊ पाव. बेदाणे म्हटल्यावर तासगावची मुलं कान टवकारतील! आपल्याकडे द्राक्षं वाळवून बेदाणे करण्याचा हंगाम नेमका याच दिवसांत असतो.

घरी करून बघा

सांगलीची हळद जगात प्रसिद्ध. मग रंग विकत कशाला आणायचा? मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि लागा कामाला.

पिवळा रंग : दोन पेले पाण्यात दोन चमचे हळद उकळा.
तांबूस-तपकिरी रंग : पाच-सहा कांद्यांची वाळलेली सालं दोन पेले पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळून गाळून घ्या.
गुलाबी रंग : बीटचे तुकडे उकळून पाणी गाळा.

प्रत्येक रंगात चमचाभर व्हिनेगर घाला. रंग गार झाला की उकडलेली अंडी त्यात अर्धा तास बुडवा. आधी अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवून वरून पातळ फडकं घट्ट बांधलंत, तर पानाची नक्षी उमटते. वाळल्यावर तेलाचा हात लावा, छान चकाकतात. एप्रिलचं ऊन कडक, तेव्हा अंडी त्याच दिवशी खाऊन टाका. घरी अंडी चालत नसतील तर शाडूच्या मातीचं अंडं करून, वाळवून रंगवा. तेही तितकंच सुरेख दिसतं.

आता एक गृहपाठ! पण याला मार्क नाहीत. येत्या गुड फ्रायडेला तुमच्या ख्रिस्ती मित्राला उगाच खेळायला ओढू नका. त्याला विचारा, “तुमच्याकडे आज काय करतात?” तो आनंदानं सांगेल, कारण त्याला हे क्वचितच कुणी विचारलेलं असतं. आई-बाबांनी त्याच्या घरच्यांना रविवारी आठवणीनं फोन करावा. आणि हो, त्या आठवड्यात रात्री गच्चीवर जाऊन चंद्र नक्की बघा. शिंगणापूरच्या डोंगरावर, मिरजेच्या चर्चवर आणि तुमच्या गच्चीवर दिसणारा चंद्र एकच असेल.

मग, ठरलं ना?